आंबा घाटात अडलेला मामा

मंडळी, एक विचारू का? देवळात बसलाय, खरं सांगायचं. तुमचं काहीतरी बिघडलंय असं एखादं माणूस सारखं सांगतंय, तर त्याचं ऐकायचं, की त्याला गप्प करायचं? सगळे म्हणणार, ऐकायचं. पण ही बायकांची बाजू आत्ताच हसायला लागली! म्हणजे घरची हकीगत वेगळी आहे. मग ऐका.

देवरुखात एक दिगंबर शेट्ये. माणूस प्रेमळ, पण गाडीच्या बाबतीत तिसऱ्यानं बोलायचं नाही. दसऱ्याला आपण बॉनेटला हार घालतो, यानं चारही चाकांना घातले. झेंडूचे, सुतळीत ओवून, स्वतःच्या हातानं गाठी मारून. बायको सुलभा म्हणाली, "अहो, चाकं फिरतात." हा म्हणतो, "देवसुद्धा पालखीतून फिरतोच की."

हार सुकले, फुलं गळली, आणि स्टेअरिंगच्या समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडीचं चित्र, खाली दोन नागमोडी रेघा. ट्रॅक्शन कंट्रोल! म्हणजे काय — चाक घसरायला लागलं की गाडी आपणहून इंजिनाचा जोर कमी करते, तुम्हाला सावरते, आणि दिवा लुकलुकवून सांगते. चिखलात लुकलुकला तर तो आपलं काम करतोय. पण हा लुकलुकतोय कोरड्या डांबरी रस्त्यावर.

"अहो, परत लागला बघा."

"असू दे."

"अहो, पण मेस्त्रींना एकदा..."

"गाडी मी चालवतो ना? मग कटकट बंद."

आणि यानं केलं काय? बाजारातनं गणपतीचा स्टिकर आणला आणि नेमका त्या दिव्यावर चिकटवला. पेटीवाले, हसू नका. आपण देवाला कसल्या कसल्या कामाला लावतो बघा — दिसू नये म्हणून झाकण!

आता आला भाचीच्या, केतकीच्या लग्नाचा दिवस. केतकीची आई, म्हणजे दिगंबरची धाकटी बहीण कुसुम, आधीच आजारपणात गेलेली. जाताना भावाचा हात धरून एवढंच म्हणाली, "केतकीच्या लग्नात तिच्या मागं तू उभा राहा, दादा." मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा असतो, माहीत आहे ना? आई नाही, निदान मामा तरी. त्या एका शब्दासाठी हा सुलभाला घेऊन निघालाय. लग्न घाटावर, मलकापूरला. मुहूर्त बाराच्या आतला.

साखरपा मागं पडलं, आंबा घाट लागला, आणि चढाच्या वळणावर गाडीचा जीवच गेला. पाय दाबतोय, गाडी ओढतच नाही. सरळ झाली की दम धरते, पुढच्या वळणाला परत ढेपाळते. मागनं ट्रकवाला हॉर्न मारतोय. कशीबशी कडेला घेतली आणि देवरुखच्या अन्वर मेस्त्रींना फोन लावला.

"दिवा कुठला लागतोय?"

"दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"वर गणपती आहे."

मग मेस्त्री म्हणाले, "बरं, कुठल्या वळणाला होतं? डाव्या की उजव्या?"

याचं तिकडं कधी लक्षच नव्हतं. सुलभानं फोन घेतला. "मेस्त्री, तो घसरण्याचा दिवा आहे. दसऱ्यापासून. उजवीकडं वळलं की लुकलुकतो, सरळ झालं की जातो. स्टिकरच्या कडेनं पिवळं दिसतं ना, मी बघत असते."

"मग चाक घसरत नाहीये, वहिनी. चाकाची खबर चुकीची पोचतेय, म्हणून गाडी उगाच जोर कमी करतेय. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला त्याचा वेग सांगणारा सेन्सर असतो, त्याची वायर बघा. आधी इंजिन बंद, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा."

मामा पांढऱ्या झब्ब्यात, घाटात, रस्त्यावर आडवा! पुढच्या डाव्या चाकाच्या आत डोकावतो तर — सुतळी. एक फूल नाही, नुसती सुतळी. चाकाबरोबर गुंडाळत गेलेली, वायरीत अडकलेली. वायर ताणून प्लग अर्धा बाहेर. चाक उजवीकडं वळलं की सुटायचा, सरळ झालं की टेकायचा. आणि गाठ कोणाची? त्याची त्यालाच ओळखू आली.

सुलभानं पर्समधली कात्री पुढं केली. 'मी म्हणाले नव्हते?' हे वाक्य तिच्या अगदी ओठावर होतं हो. तिनं ते गिळलं. मंडळी, जमेल आपल्याला?

सुतळी कापली, प्लग दाबला, टक्‌ आवाज आला. दिगंबरनं नखानं हळूच स्टिकर सोडवला, कपाळाला लावला, कप्प्यात ठेवला. गाडी सुरू झाली. दिवा थोडा वेळ रेंगाळला, मग विझला. उजवं वळण आलं, दोघांचेही डोळे तिथंच. विझलेलाच! गाडी घाट चढली.

मलकापुरात अंतरपाट धरलेला. केतकीच्या मागची जागा रिकामी. भटजी म्हणतायत, "दुसऱ्या कोणाला उभं करा, वेळ जातेय." ती मान हलवून नाही म्हणतेय, डोळे भरलेले. तेवढ्यात पाठीमागनं ग्रीसचा वास आला.

"मामा, आलास?"

"आलो गं. मामीनं आणलं." आणि त्यानं सुलभाला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं. मग पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

आता तुम्ही. कीर्तन संपलं की घरी जाल, चपला शोधाल, गाडीत बसाल. शेजारी कोणीतरी असेल, कित्येक दिवस तेच तेच सांगणारं. आज तुम्ही त्याला विचारा — काय गं, काय रे, काय म्हणत होतीस, काय म्हणत होतास? आणि सगळं सांगून होईपर्यंत चावी फिरवू नका. एवढं केलंत, तर देवाला आजची सेवा पोचली.