भिंतीवरचा चष्मा

मोफत दवाखान्याच्या बाकावर बोटाला पट्टी बांधलेला एक सुतार ताटकळत बसला होता. शेजारी दोन जावा होत्या. थोरली कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. हल्ली तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. धाकटीची नजर समोरच्या भल्यामोठ्या पोस्टरवर गेली आणि तिचा पारा चढला.

"जाऊबाई, हा तर तुमचा फोटो! चष्मा लावलेला!"

"इथल्या डोळ्यांच्या शिबिरात काढला होता."

"मग चष्मा कुठंय?"

"परत घेतला. नमुन्याचा होता म्हणे. माझा फोटो झाला, की पुढच्या बाईला लावला."

"आणि तुम्ही मुकाट्यानं दिलात?"

"अगं, तुमचा मागाहून येईल म्हणाले. दर खेपेला विचारते."

"काय सांगतात?"

"डोळ्यांना विश्रांती द्या म्हणतात. सकाळी हिरवळीवर चाला."

"आणि बटणं काय हिरवळ लावणार? तिकडं मुकादम तुम्हाला काढायला टपलाय!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! खाली काय छापलंय ठाऊक आहे? 'आता हिला सगळं स्पष्ट दिसतं!'"

थोरलीनं डोळे बारीक करून पोस्टरकडे पाहिलं.

"फोटोत मी कशी दिसते गं?"

"हसताय."

"हसणारच. तेवढ्यात मला खिडकीबाहेरच्या झाडाचं पान न् पान दिसलं होतं."

धाकटी ताडकन उठली आणि पडदा सारून थेट डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, पाळी या सुताराची आहे!" नर्स ओरडली.

"आधी त्यांचं ऐका," सुतार म्हणाला, आणि जागचा हलला नाही.