पंप नसलेली गाडी

मोटारींचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. आमच्या मालकांकडे इटलीची शर्यतीची गाडी होती. बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला त्यांनीच ती चालवत आम्हाला मलकापूरहून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे चढवायला चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याला हातपंप मारावा लागे. घाटभर मी पंपच मारत होतो, मागे बायको एकटीच कळा सोसत होती.

दुसऱ्या खेपेला मालकांकडे त्याच गाडीचं नवं मॉडेल होतं. घाट लागताच मी पंप शोधू लागलो.

मालक हसले. "राहू दे बे, हे आपोआप पेट्रोल ओढते."

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मागून बायको म्हणाली, "हात रिकामे हायेत ना? मंग मांगं या, माहा हात धरा."

दवाखान्याच्या दारात हात सोडताना ती म्हणाली, "पुढच्या खेपेलेबी हेच गाडी आणजा."