येतो म्हणाले, हवा गेली

...आणि वर मलाच विचारतात, दार का उघडलंत! अहो, माणूस दारामागे उभा राहून 'येतो' म्हणाला तर दार उघडू नको, तर काय करू? आतून कडी घालून बसू? तुम्हाला सांगतो, आमच्या घरात मधे कित्येक दिवस हा एकच खटला चालू होता, आणि आरोपी कोण, तर मी! बायको म्हणायची चूक तुमची, हॉस्टेलवरून मुलगी फोन करून म्हणायची चूक तुमची, आणि ज्यांची खरी चूक ते माझे सासरे, नाना, ते तर काही म्हणतच नव्हते, नुसते रुसून बसले होते! चूक कुणाची, तुम्हीच सांगा. नाही, आधी ऐकून घ्या, मग सांगा.

माझं चष्म्याचं दुकान आहे. अवकाशाशी माझा संबंध काय? काही नाही! नंबर तपासायचा, फ्रेम दाखवायची, 'तुम्हाला गोल शोभते' म्हणायचं, संपलं. पण झालं काय, सासूबाई गेल्या आणि नाना एकटे पडले. आमच्याकडे या म्हटलं, येत नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, एकटे. फोन केला की, "बरा आहे," आणि खट्‌. बायको जीव टांगणीला लावून बसायची. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली ना त्यांनी, त्यामुळे बोलतानासुद्धा जादा शब्द कापून टाकतात. आणि माझ्याशी? लग्न झाल्यापासून आमचं एकच संभाषण चालू आहे. ते म्हणतात, "काय जावईबापू?" मी म्हणतो, "काही नाही नाना." ते म्हणतात, "बरं." झालं!

तर आमच्या कन्यारत्नाने डोकं चालवलं. आजोबांना एक कॉम्प्युटर बसवून दिला, एक मला, दोघांच्या कानाला ते हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि म्हणे, "बाबा, तुम्ही आणि नाना दोघं मिळून खेळा. अवकाशयानात अडकलाय, जिवंत राहायचं." मी म्हटलं, अगं, जमिनीवर जिवंत राहताना नाकी नऊ आलेत माझ्या, तिकडे कशाला? तर बायकोने असं बघितलं माझ्याकडे... की गेलो अवकाशात. दर रविवारी सकाळी.

आणि काय तो खेळ, काय तो खेळ! गोळ्या नाहीत, राक्षस नाहीत, नुसती काटकसर! हवा मोजून, पाणी मोजून, वीज मोजून. धावलात? हवा जास्त लागली! बोललात? हवा जास्त लागली! एक बाई सारखी बोलत असते यानात, गोड आवाजात, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी टाकी रिकामी झाल्यावर बोलते ना, अगदी तसं. "प्राणवायू... कमी आहे." अगं बये, मला दिसतंय! आणि पाणी कुठून मिळवायचं विचारा. नको, विचारू नका. आपलंच परत. गाळून. मी चहाचा कप खाली ठेवला तेव्हा.

पण नाना! अहो, नाना खुलले! "जावईबापू, तो मागचा दिवा बंद करा, वीज जातेय. जावईबापू, टोमॅटोला पाणी झालं का?" टोमॅटो होते आमचे यानात, काचेच्या खोलीत. मी त्यांना पाणी घालायचं, नानांनी बाहेर जाऊन यान दुरुस्त करायचं. बायको दाराआड उभी राहून माझ्या हेडफोनमधून झिरपणारा बापाचा आवाज ऐकायची. मला म्हणाली, "आईच्या मागे पहिल्यांदाच इतकं बोलतायत हो." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आता दाराचं ऐका, मुद्दा तिथेच आहे. यानातून बाहेर जायला दोन दारं, मधे एक कपाटाएवढी खोली. आतलं दार उघडायचं, खोलीत जायचं, ते लावायचं, मग बाहेरचं उघडायचं. दोन्ही एकदम उघडली, की हवा फुर्र! आता असं होऊ नये म्हणून दारांत एक यंत्र असतं, एक दार उघडं असलं की ते दुसरं अडवून धरतं. पण ते यंत्र आम्ही काढलं होतं! का? तर टोमॅटोवरचा दिवा गेला, त्याला तो भाग लागत होता. कल्पना कुणाची? नानांची! "दारांचं आपण बघू हो, टोमॅटो मरतील." तेव्हापासून आतलं दार आतल्या माणसाने हाताने उघडायचं. आतला माणूस कोण? मी! बाहेरचा? नाना! चूक कुणाची, तुम्हीच सांगा... नाही, थांबा, अजून झालंच नाही.

तर त्या रविवारी मी टोमॅटोंच्या खोलीत. नाना कुठे आहेत मला दिसत नाही. बाहेर जाणार जाणार म्हणत होते, गेले की नाही मला काय ठाऊक? आणि कानात आवाज आला, "येतो हं."

आता येतो म्हणजे काय? येतो! म्हणजे म्हातारा माणूस काम उरकून, दमून, परत आलाय, दारात उभा आहे! मी बादली टाकली, धावलो, हवा जास्त लागली, लागू दे म्हटलं, सासरे आहेत! आणि उघडलं दार. आणि नेमकं त्याच क्षणी नानांनी बाहेरचं उघडलं! कारण ते येत नव्हते, ते निघाले होते! फुर्रर्र! हवा गेली, बादली गेली, टोमॅटो एकामागून एक रांगेत बाहेर गेले, त्यांच्या मागून मी, आणि ती बाई आपली शांतपणे, "प्राणवायू... नाही."

मी ओरडलो, "नाना, येतो काय म्हणालात?"

"निघताना माणूस काय म्हणतो?"

"आणि परत येताना काय म्हणतो?"

"येतो!"

"अहो, जातानाही येतो, येतानाही येतो, मग जातो कधी म्हणायचं?"

नाना म्हणाले, "कधीच नाही." आणि खट्‌. बंद!

पुढचा रविवार, नाना नाहीत. त्याच्या पुढचा, नाहीत. फोन केला की, "बरा आहे," खट्‌. पुन्हा पहिले पाढे! आणि बायको? तिने ताट वाढलं, पण असं आपटून, की आमटीची हवा गेली! मी म्हटलं, यात माझं काय चुकलं? तर म्हणते, "दुकानात गिऱ्हाईक सगळ्या फ्रेमा घालून बघतं आणि 'बघतो, येतो' म्हणून निघतं, तेव्हा तुम्ही दार उघडून वाट बघत बसता का?" अहो, गिऱ्हाईक वेगळं, सासरे वेगळे!

मग कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सांगितलं. सासूबाईंना शेवटचं दवाखान्यात नेलं, तेव्हा त्या दारातून हसत म्हणाल्या होत्या, "जाते हो मी." नाना चपला शोधत होते. चिडून म्हणाले, "असं बोलू नये, येते म्हण." तोवर त्यांची चाकांची खुर्ची लिफ्टमध्ये गेली होती, दार लागलं होतं. सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, 'येते' म्हटलं की नाही, नानांना आजवर कळलेलं नाही. घरी त्या परत आल्याच नाहीत. घडी घालता घालता बायको थांबली. फार वाईट वाटलं हो. पण राग गेला का? नाही! अहो, हे मला आधी सांगायला नको? मी काय मनातलं तपासतो? मी डोळे तपासतो!

गेलो नानांकडे. लिफ्ट नेमकी बंद, जिने चढून, धापा टाकत, हवा जास्त लागली. ते दार उघडून म्हणतात, "काय जावईबापू?" म्हटलं, "काही नाही नाना." "बरं." त्यांनी पंखा लावला. मग मीच बोललो, "नाना, जातो म्हणू नका. पण 'जाऊन येतो' म्हणा की. म्हणजे तुमचंही राहिलं, माझंही राहिलं." नानांनी तो शब्द मनातल्या मनात दोनदा तपासला, चेहऱ्यावरून कळत होतं, आणि म्हणाले, "चालेल. त्यात चूक नाही."

रविवार आला. नवं यान, नवी हवा, नवे टोमॅटो. यंत्र? पुन्हा काढलं, पुन्हा टोमॅटोंना! नानांपुढे बोलतो कोण? मी पाणी घालतोय, कान टवकारलेले. आणि आवाज आला, "...येतो."

तुम्हाला सांगतो, तो माईक! तो माईक ना, आपण बोलायला लागलो की आधी जागा होतो आणि मग ऐकतो! पहिला शब्द गिळतो मेला! नाना तिकडे अगदी शुद्ध 'जाऊन येतो' म्हणाले होते, माझ्या कानात आलं नुसतं 'येतो'! धावलो, उघडलं, फुर्रर्र! टोमॅटो, बादली, मी! आता मला सांगा, चूक कुणाची? माईकची! पण माईकला कोण बोलतंय? बायको दाराआडून कपाळाला हात लावून बघतेय माझ्याकडेच!

मी डोळे मिटून घेतले, आता खट्‌ होणार. तर कानात कसला तरी आवाज. खोकला वाटला. खोकला नाही हो, नाना हसत होते! हसता हसता म्हणाले, "जावईबापू, यापुढे दोघंही बाहेर जाऊ. म्हणजे दारात कुणी कुणाला काही म्हणायलाच नको."

तेव्हापासून आम्ही दोघंही बाहेर. एका दोरीला बांधून घेतो आणि तरंगतो. आता तुमच्या लक्षात आलं असेल, दार आतून उघडायचं असतं आणि आत कुणी नसतं! मी पहिल्याच वेळी ओरडलो, "नाना, परत कसं जायचं?" तर म्हणे, "बघू." आणि बोलायला लागले. छापखान्याचं, शाईचं, सासूबाई लग्नात त्यांच्यावर का रागावल्या होत्या त्याचं. हवा संपत येते, ती बाई बोंबलत असते, नाना तिला गप्प राहा म्हणतात आणि आपलं सांगतच राहतात, सांगतच राहतात, संपेपर्यंत.

एका माणसाला जिवंत राहायचा खेळ दिला, आणि त्याने दर रविवारी मरायचं? हा काय न्याय झाला? पण दाद कुणाकडे मागणार? मी हेडफोन काढतो, बायको पुढ्यात उभी, डोळे मोठे करून, "काय हो, कसं झालं?" मी म्हणतो, "दोघंही मेलो." आणि तिचा चेहरा असा फुलतो म्हणून सांगू! नवरा आणि बाप एकदम गेल्याची बातमी ऐकून इतकी खूश झालेली बाई तुम्ही कधी पाहिलीय? मी दर रविवारी पाहतो.