हरणीच्या काळजाचे ठोके

मी फार कमी बोलतो असं तुम्ही म्हणता, पण हजीऱ्याकडच्या शर्यतीत माझ्या बोलण्यानेच मी सांभाळतो ती मालकांची घोडी, हरणी, बाद होणार होती. लांबची दौड संपली की जनावरांचे डॉक्टर ठोके मोजतात. ठोके ठरल्या वेळेत खाली आले नाहीत, तर सगळं धावणं फुकट.

हरणी दमली होती. मी तिच्या कानाशी लागून म्हणत होतो, “शाबास बाई, दमलीस ना?”

डॉक्टर म्हणाले, “काका, तुम्ही बोललात की ठोके वाढतात. तिला वाटतं, चंदीचा दाणा खायला आला. जरा गप्प बसा.”

मी गप्प झालो. ठोके उतरले, हरणी पास झाली.

मालकांनी गोडादऱ्याला आमच्या घरी येऊन हे सांगितलं. आमची म्हातारी भाकरी थापत म्हणाली, “कधी आमच्याही कानाशी बोला की. बघू, काही वाढतं का.”