टाइपरायटरच्या अक्षरातली पत्रिका

लग्नपत्रिकेला जुन्या टाइपरायटरसारखा फॉन्ट घ्यायची हौस माझीच. शाई फुटलेली, वरखाली झालेली अक्षरं मला लई आवडायची. एक पत्रिका देवीपुढं ठेवली आणि दुसरी घेऊन मामांकडं तामलवाडीला गेलो. ती उघडताच मामांचा चेहरा उतरला.

"कोर्टाची नोटीस हाय का रं?"

"न्हाय मामा, माझ्या लग्नाची पत्रिका हाय. आता अशीच फॅशन हाय."

मामा बराच वेळ अक्षरांवरनं बोट फिरवत बसले. "बांधाच्या भांडणात असल्या अक्षरातले लई कागद आले बघ. चांगली बातमी एकदाबी आली न्हाय."

मग त्यांनी मामीला हळदकुंकू आणायला सांगितलं.

"मामा, कोपऱ्यांना घरीच लावलंय की."

"कोपऱ्यांना लावलंस," मामा म्हणाले आणि त्यांनी अक्षरांना हळद लावली.