तिसऱ्या तळ्याचं पाणी

भाऊ : हळू बोल ताई. दाजी वर चटया धुताहेत. आवाज पाण्यावरून लांब जातो.

ताई : जाऊ दे की. मी काय चोरीची गोष्ट बोलतेय?

भाऊ : तीच तर बोलायचीय. खाण तीच, वाळू तीच, पन्हळ तीच, आणि सोनं निघतंय निम्मं. कुठंतरी पाणी मुरतंय.

ताई : पाण्याचं मला विचार. पन्हळीत वाळू धुतलेलं गढूळ पाणी पहिल्या तळ्यात येतं, जाड गाळ तिथं बसतो. बारीक दुसऱ्यात. तिसऱ्यातलं पाणी पंप परत वर पन्हळीला देतो. हे बघ, तळाचा दगड दिसतोय. बाबांच्या काळातही असं नितळ नव्हतं.

भाऊ : तुझ्या तळ्यांबद्दल तक्रार नाही गं. तपासणीवाले खूश होऊन गेले, परवाना वाचला. पण सोनं अडकतं पन्हळीतल्या चटयांमध्ये, आणि त्या काढतं कोण, धुतं कोण? एकटे दाजी.

ताई : तो नियम तुझाच. एकाच माणसानं धुतल्या तर घोटाळा होत नाही, म्हणे.

भाऊ : विश्वास होता म्हणून.

ताई : होता?

भाऊ : परवा मला बघून त्यांनी चटई पटकन पाठीमागं ओढली. का?

ताई : कुणी डोक्यावर उभं राहिलेलं त्यांना खपत नाही.

भाऊ : रात्री नीट झोपतात?

ताई : ...हल्ली नाही. उठून बसतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही.

भाऊ : बघ.

ताई : बघ काय! झोप उडाली म्हणून माणूस चोर होतो?

भाऊ : त्यांची पत्र्याची पेटी आज एकदा उघडून बघ. काही नसलं तर पाय धरीन त्यांचे. असलं, तर मात्र ते इथं राहणार नाहीत.

ताई : आणि मी?

भाऊ : तू माझी बहीण आहेस.

ताई : त्यांची बायकोही आहे रे. ...बरं. संध्याकाळी बघते पेटी.

(दाजी ओली चटई खांद्यावर टाकून येतात.)

दाजी : बरं झालं, दोघं इथंच सापडलात. किती बोलणी खायची ती खातो, पण आता लपवत नाही. हात लाव या चटईला.

भाऊ : ई! खळ लावल्यासारखी चिकट.

दाजी : रोज अशीच निघते. वाटलं, माझाच हात चुकला, पन्हळीचा उतार बिघडवला मी. तुला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं डोळ्याला डोळा लागत नाही. चटईचे केस चिखलानं असे लिंपले, की सोनं अडकणार कुठं? वरच्यावर घसरून जातं.

ताई : थांबा. बघू मला. ...अगं बाई! ही माझी पावडर.

भाऊ : कसली?

ताई : गाळ बसवायची. मातीचे कण एकमेकांना चिकटवते, म्हणजे ते जड होऊन तळाला जातात. तपासणीच्या आधी तूच म्हणालास ना, पाणी आरशासारखं हवं? मी तळ्यात दुप्पट टाकायला लागले. तपासणी झाली तरी कमी केली नाही. नितळ पाणी बघून मलाच बरं वाटायचं. पाण्यात उरलेली पावडर पंपानं वर जातेय आणि पन्हळीतच माती चिकटवतेय.

भाऊ : म्हणजे सोनं?

दाजी : जाणार कुठं? पहिल्या तळ्याच्या गाळात बसलंय.

भाऊ : दाजी! जीव भांड्यात पडला. फावडी काढा, आत्ताच उपसू. ताई, आता तरी हस की!

दाजी : ही हसत का नाही? मी आलो तेव्हा काय बोलत होतात?

भाऊ : काही नाही हो. आपलं पाण्याचं.

दाजी : तुला नाही, हिला विचारतोय.

ताई : ...तुमची पेटी उघडून बघायचं बोलत होतो.

दाजी : हा म्हणाला?

ताई : हा म्हणाला. मी हो म्हणाले.

भाऊ : चूक माझी आहे दाजी. पाय धरतो तुमचे.

दाजी : पाय सोड. ही घे गं किल्ली.

ताई : अहो, आता कशाला?

दाजी : जा, उघडून बघ. मी इथंच बसतो. पेटीत काय सापडलं ते तू येऊन सांगितलंस, की मग गाळात उतरेन.