दौलतसिंगसाठी मशीन

...नाही, मी काय म्हनतो, मानसानं मानसाच्या वेल्डिंगले गांडूय म्हनावं का? अन् ते बी कोनं, तं ज्याले मी, या सैफुद्दीननं, माह्याच दुकानात रॉड धराले शिकवलं त्या दौलतसिंगनं! सारं अनसिंग गाव माह्या हातच्या कोठ्यायत धान्य ठेवते, माह्या हातच्या क्यानात दूध नेते, अन् हा गडी माह्याच दुकानासमोर रोबोटवाली लेझर वेल्डिंग टाकते, लोकायले बोलावते, फित कापते, अन् साऱ्यायसमोर माहा क्यान उचलून म्हनते, "हा जोड रोबोटचा, केसावानी बारीक. अन् हा उस्तादचा, पाहा, चिखलातलं गांडूय सरकून राह्यलं जसं." लोक हसले ना हो. तवापासून पोट्टे मले गांडूयचाचा म्हनतात. माफ करनारा मानूस मी नाही, तुमाले सांगून ठेवतो.

आता दूधवाल्यायलेही तसाच बारीक जोड पायजे. आमची हुस्नाबानो म्हने, "अजी, पत्रा तुमी वाकवा, जोड तेवढा त्याच्या रोबोटकून मारून आना. कायले जीव जायता?" त्याच्या दारात जाऊ? म्या? ज्या टपरीवरून त्याचं दुकान दिसते त्या टपरीवर चहा पेनं सोडलं मी. चांगला चहा होता हो तिथला, अद्रक टाकून... जाऊ द्या. म्या ठरवलं, आपली सोताची मशीन घ्याची, अन् ते बी आपल्या मापानं बनवून.

लावला पुन्याच्या कंपनीले फोन. तिकून पोरगी लय गोड बोले, "सर, मशीन कुठल्या कामासाठी हवंय?"

म्या म्हनलं, "दौलतसिंगसाठी."

"दौलतसिंग म्हणजे तुमचे पार्टनर का सर?"

"दुश्मन."

तिनं तेबी टाइप केलं, टकटक आयकू आलं. मंग म्हने, "ओके सर. तुमच्या गरजेनुसार आम्ही बदल करून देतो." मंग लिवून घ्या म्हनलं, उंची त्याच्या रोबोटपेक्षा जास्त, रंग लाल, अन् आवाज पायजे. "सर, लेझरला आवाज नसतो, तोच तर फायदा आहे." मंग पंखा मोठा बसवा म्हनलं, समोरच्या दुकानात त्याले फोन आयकू नाही आला पायजे.

पैसा कुठचा? हुस्नाबानोच्या बापानं तिच्या नावानं रोडले एक प्लॉट घेऊन देला होता. तिथं तिले शिवनक्लास काढाचा होता. म्या म्हनलं, इकू आता, मशीन कमावल तं दुसरा घेऊ. तिनं सही केली, पन माह्याकडं पाह्यलं नाही. मले वाटलं, आनंदानं भरून आलं असन.

मशीन आली. लालभडक. पंखा असा का थ्रेशरच चालू हाय. समोर दौलतसिंग दारात येऊन उभा राह्यला अन् म्या साऱ्यायसमोर पह्यला जोड मारला... भोक पडलं. दुसरा मारला, मोठं भोक पडलं. कंपनीचा इंजिनीअर वाकून पाह्ये अन् म्हने, "सर, पत्रा हाताने कापलाय, इथं फट राहते. लेझरला फट चालत नाही." आता बोला, फट होती म्हनून तं दुनियेत वेल्डर लागला ना? म्या जिंदगीभर रॉडनं फटाच भरल्या. तो म्हने, "पत्रा मशीनवर कापून घ्या सर, मग बघा. जवळ कुणाकडे सोय आहे?" अन् मंग त्यानंच रस्त्यापल्याड बोट दाखवलं. दौलतसिंग चहा पेऊन राह्यला होता. माह्या सोडलेल्या टपरीवरचा.

मशीनवर चादर टाकली. पन माफ करनारा मानूस मी नाही, तुमाले सांगून ठेवतो.

अन् अल्लानं आयकलं. रामकिसन पाटलानं दौलतसिंगच्या दुकानात ट्रॅक्टर रिव्हर्स घेतला, तो थेट रोबोटच्या स्टँडवर. स्टँडचा पाय तुटला, रोबोट एकाकडं मान टाकून लोंबकयला. दौलतसिंग माह्या दारात, चप्पल बाहेर काढून, "उस्ताद, बोट जाईन एवढी फट हाय. रॉडच लागते." अन् याची रॉडची मशीन? तोऱ्यात भंगारवाल्याले देली होती.

म्या म्हनलं, "काहून, रोबोटले सांग ना, जोड लाव म्हना आपल्या पायाले."

तो खाली मान घालून म्हने, "त्याचा हात तिथलोक पोचत नाही, उस्ताद."

गेलो. रॉडचा जुना सेट घेऊन गेलो. अन् भर दुपारी साऱ्या गावासमोर असं गांडूय सोडलं त्या पायावर, जाडजूड, वयवयतं, मुद्दाम! तो म्हने, "ग्राइंडर मारून साफ करू का?" म्या म्हनलं, "हात लावशीन तं ग्यारंटी नाही." आता गिऱ्हाईक येते, आधी गांडूय पाह्यते, मंग रोबोट. अन् दौलतसिंगले सोताच्या तोंडानं सांगा लागते, उस्तादचं काम हाय. असं गार वाटलं ना कायजाले!

त्याच पावली टपरीवर चहा पेलो अन् दुकानात येऊन हुस्नाबानोले सांगतलं. ते मशीनच्या चादरीवर शेवया पसरून राह्यली होती.

"झाला बदला?"

"झाला."

"या मशीननं?"

"नाही, जुन्या सेटनं."

"तो तं घरात होताच ना," तिनं शेवया सारख्या करता करता म्हनलं. "मंग माहा प्लॉट कायले इकला?"

आता रोज सकायी दुकान उघडलं का मी पह्यले तो मोठा पंखा चालू करतो. त्या वाऱ्यानं हुस्नाबानोच्या शेवया झकास वायतात. कारन माफ करनारी बाई ते नाही, तुमाले सांगून ठेवतो.